आलं तेच लिहा

(दहावी २००१ च्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं बोलायला सांगितलंय. शाळेत मी सलग पाच मिनिटं गप्प बसले तर बाई विचारायच्या, 'बरं नाही का गं?' त्यामुळे वीस मिनिटांत मला थांबवायचं काम कुणीतरी आधीच अंगावर घ्यावं.

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'शास्त्रज्ञ' छापलंय. ते वाचून आई म्हणाली, 'घरात गॅसचा लायटर दुरुस्त होत नाही अजून.' तर तेवढंच समजा. मी प्रयोगशाळेत काम करते, विद्यार्थ्यांना शिकवते. माझ्या विषयाचं नाव क्वांटम फोटॉनिक्स. सोप्या भाषेत, प्रकाशाचा एकेक कण मोजणं आणि त्याच्याकडून काम करून घेणं.

आज इथं मी खरंतर एका फोनचं उत्तर द्यायला उभी आहे. गेल्या दिवाळीत आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीनं रात्री साडेदहाला फोन केला. तिची परवानगी घेऊन सांगते. तिची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, 'पोरगी म्हणतेय, फिजिक्समध्ये पीएच.डी. करणार, क्वांटम का काय त्यात. तू त्यातलीच ना? मग मला खरं सांग. चांगलं चांगलं नको सांगूस. पाच-सहा वर्षं घालवून हातात काय येतं?'

मी काय सांगितलं माहितीय? 'अगं, हुशार आहे ती, करेल काहीतरी. पुढच्या आठवड्यात बोलू.' तो पुढचा आठवडा आज उजाडलाय. फोनवर मी टाळलं, कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी स्वतःची फजिती बरीच आहे. पण समोर तुम्ही आहात, तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्ही माझा सहामाहीचा भूगोलाचा पेपर पाहिलाय.

सुरुवात आपल्या प्रयोगशाळेपासून करते. दुसऱ्या मजल्यावरची ती कोपऱ्यातली खोली आठवते? लाकडी कपाटं, स्पिरिटच्या दिव्याचा वास आणि एक खिडकी जी कधीच पूर्ण लागायची नाही. दहावीत आपल्याला काचेच्या चिपेचा प्रयोग होता. कागदावर चीप ठेवायची, भोवती पेन्सिल फिरवायची, एका बाजूला दोन टाचण्या रोवायच्या, दुसऱ्या बाजूनं पाहत त्यांच्याच रेषेत आणखी दोन टाचण्या रोवायच्या, मग कोन मोजायचे. काचेत शिरणारा किरण ज्या कोनानं येतो, बाहेर पडणारा किरण त्याच कोनानं जातो, असं पुस्तकात लिहिलेलं होतं.

माझे कोन काही जुळेनात. ४० अंशांना ४३ आले, ५० ला ४८. मी हुशार मुलगी होते. हुशार मुली जे करतात तेच मी केलं. खोडरबर घेतला आणि तक्त्यात ३०ला ३०, ४०ला ४०, ५०ला ५० लिहून टाकलं. माझ्या मागच्या बाकावर एक जण होता. नाव सांगत नाही, कारण तो आत्ता तिथं खांबाला टेकून उभा आहे. त्यानं ३ अंशांचा फरक तसाच लिहिला आणि खाली शेरा मारला, 'एक टाचणी वाकडी होती.'

सरांनी प्रयोगवह्या तपासल्या. माझ्याकडे वही देताना म्हणाले, 'सगळे आकडे बरोबर आले? मला इतक्या वर्षांत एकदाही आले नाहीत गं.' वही उघडली तर तक्त्यावर लाल शाईनं लिहिलेलं होतं, 'आलं तेच लिहा.' मला १० पैकी ५ आणि मागच्या बाकावरच्याला १० पैकी १०. मी घरी जाऊन रडले. इतकं मला बोर्डाच्या निकालालाही रडू आलं नव्हतं. सर, तुम्ही समोर बसलाय. तुम्हाला हे आठवत असेल असं नाही, तुम्ही असे शेरे शेकड्यांनी मारले असतील. पण माझं पुढचं जे काही झालं, ते त्या तीन शब्दांभोवतीच फिरत राहिलं.

पुढचं भराभर सांगते. बी.एस्सी. इथंच कराडला, एम.एस्सी. कोल्हापूरला, २००८ साली. दोन्हीकडे मार्क चांगले. मग डोक्यात बसलं की अमेरिकेत जाऊन पीएच.डी. करायची. का, हे मला नीट सांगता आलं नसतं. वर्गातले दोघं चालले होते, म्हणून. वडील एस.टी.त कंडक्टर होते, तुमच्यापैकी निम्म्यांनी त्यांच्याकडून तिकिटं घेतली असतील. परीक्षांची फी, प्रत्येक अर्जाची वेगळी फी, गुणपत्रिका पाठवायचा खर्च, असं मिळून त्यांनी पीएफमधून कर्ज काढलं. मी सहा विद्यापीठांत अर्ज केले.

त्या अर्जात एक निवेदन लिहायचं असतं. तुम्हाला काय करायचंय, का करायचंय. मी लिहिलं की लहानपणी गच्चीवर झोपून तारे पाहताना मला विश्वाचं कोडं पडलं. आमच्या चाळीला गच्चीच नव्हती. कुणाकडून तरी आलेला नमुना होता, त्यातली वाक्यं मी फिरवून घेतली. शिफारसपत्रं तीन लागतात. ती अशा प्राध्यापकांकडून घेतली ज्यांना माझा बैठक क्रमांक माहीत होता, मी माहीत नव्हते. एकानं तर मलाच पत्र लिहून आणायला सांगितलं आणि न वाचता सही केली. ती त्यांची चूक, तशी माझीही. सहापैकी सहा ठिकाणांहून नकार आले. शेवटचा आला त्या संध्याकाळी वडील ड्युटीवरून आले, बूट काढले आणि म्हणाले, 'गाडी चुकली तर स्टँडवर रडत बसायचं नसतं. पुढची कितीला आहे ते विचारायचं.'

मग वर्षभर एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. जितके तास तितकेच पैसे, सुट्टीत शून्य. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत विनावेतन काम करायची परवानगी मिळाली. माझं काम म्हणजे एका काळ्या पेटीत ठेवलेल्या शोधकाचे ठोके मोजायचे. हे यंत्र असं असतं की प्रकाशाचा एक कण, म्हणजे एक फोटॉन, येऊन पडला की एक ठोका देतं. पण गंमत अशी, की पूर्ण अंधारातही त्याला भास होतात. काहीच आलेलं नसताना सेकंदाला शे-दोनशे ठोके पडतात. तापमान वाढलं की भास वाढतात. मी दोन महिने ते भास मोजले. तापमान लिहायचं, ठोके लिहायचे. एके दिवशी आकडा एकदम दुप्पट झाला. यावेळी खोडरबर घेतला नाही. वहीत लिहिलं, 'कारण माहीत नाही.' दोन दिवसांनी कळलं की शेजारच्या मशीनच्या हिरव्या दिव्याचा उजेड पेटीच्या फटीतून आत जात होता. तिथले प्राध्यापक ती वही उभ्याउभ्या चाळत राहिले आणि म्हणाले, 'तुझ्यासाठी पत्र मी लिहीन.' मी मागितलंही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मी युरोपातल्या सात प्रयोगशाळांना पत्रं लिहिली. यावेळी प्रत्येकाचे दोन-दोन शोधनिबंध वाचून, त्यातलं मला काय कळलं आणि काय कळलं नाही हे लिहून. चार ठिकाणांहून उत्तरच नाही, दोघांचा नकार, एका जर्मन प्राध्यापकांनी मुलाखतीला बोलावलं. स्काइपवर, सायबर कॅफेतून. मागं कुणीतरी गेम खेळत होतं, त्याचे गोळ्या झाडल्याचे आवाज चाललेले. पहिलाच प्रश्न आला, 'तुझ्या प्रयोगात काय चुकलं ते सांग.' मी वीस मिनिटं बोलले. त्यांनी मार्कांबद्दल एक शब्द विचारला नाही. महिनाभरानं नेमणुकीचं पत्र आलं.

आता माझं काम नेमकं काय आहे, ते आपल्या गावाच्या भाषेत सांगून बघते.

मुलं खेळतात तो लाल लेझर घ्या. १ मिलिवॅटचा असेल तर त्यातून सेकंदाला साधारण तीन हजार लाख कोटी फोटॉन बाहेर पडतात. आम्हाला त्यातला एक हवा असतो, आणि तो कधी निघाला हेही कळायला हवं असतं. त्यासाठी एक युक्ती आहे. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर एका खास स्फटिकात सोडायचा. कोट्यवधी फोटॉनांमागे एखादा फोटॉन आत गेल्यावर दुभंगतो आणि ८१० नॅनोमीटरचे दोन जुळे बाहेर येतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. पण एक जुळा इथं सापडला की दुसरा तिकडं नक्की निघालाय हे समजतं. खोलीत अंधार, काळे पडदे, आणि आम्ही बाहेर बसून ठोके मोजायचे.

आता आपला प्रीतिसंगम आठवा. कृष्णा एका बाजूनं येते, कोयना समोरून. समोरासमोर भेटतात आणि एकत्र काटकोनात वळून पूर्वेला जातात. आपण घाटावर भेळ खात हे इतक्यांदा पाहिलंय की त्यात काही विशेष वाटत नाही. १९८७ साली अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात हाँग, औ आणि मँडेल या तिघांनी दोन फोटॉनांची अशीच भेट घडवली. त्यातले औ तेव्हा मँडेल यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी होते. अर्धा प्रकाश आरपार सोडणारी आणि अर्धा परत फिरवणारी एक काच घ्यायची. तिच्या दोन बाजूंनी दोन जुळे फोटॉन एकाच क्षणी आणायचे. प्रत्येक फोटॉन एकटा असता तर इकडं किंवा तिकडं, नाणेफेकीसारखा गेला असता. पण दोघं अगदी एकसारखे असले आणि एकाच क्षणी पोचले, तर ते दोघं नेहमी एकाच वाटेनं बाहेर पडतात. कधी दोघं डावीकडं, कधी दोघं उजवीकडं. वेगवेगळे कधीच नाहीत. आपल्या नद्या दर वेळी पूर्वेलाच जातात, इथं दिशा आधी सांगता येत नाही, एवढा फरक. त्यामुळे दोन वाटांवर दोन शोधक ठेवले, तर दोन्हीकडं एकदम ठोका पडणं जवळजवळ बंद होतं. आलेखावर तिथं एक दरी दिसते. एका फोटॉनाचा रस्ता केसाच्या जाडीइतका जरी लांबला, तरी ती दरी भरून जाते.

एकसारख्या फोटॉनांचं हे वागणं मोजायचं गणित आपल्याच देशातलं आहे. १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला निबंध आइन्स्टाइनना पाठवला. आइन्स्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये अनुवाद करून छापायला दिला. आणि पीएच.डी.बद्दल बोलतोच आहोत तर हेही सांगते, की बोस यांच्याकडे पीएच.डी. नव्हती.

याचा उपयोग काय, असं माझे मामा दर दिवाळीला विचारतात. एक उपयोग गुप्त निरोपांचा. एकट्या फोटॉनावर लिहिलेल्या निरोपाची हुबेहूब नक्कल निसर्ग करू देत नाही. मध्ये कुणी डोकावलं तर त्याच्या खुणा राहतात. १९८४ मध्ये बेनेट आणि ब्रासार्ड यांनी त्यावरून कुलपाची किल्ली पाठवायची पद्धत मांडली. अडचण अंतराची आहे. उत्तम काचतंतूतून ५० किलोमीटर गेल्यावर १०० फोटॉनांतले १० उरतात, १०० किलोमीटरला १. कराडहून पुण्यापर्यंत तंतू टाकला तर दीड हजारांत एखादाच पोचेल. आणि नक्कल करता येत नाही म्हणून फोनसारखं मध्ये आवाज वाढवायची सोय नाही. यावर तोडगा शोधायचं काम जगभर चालू आहे. आम्हीही त्यातलेच.

आता फजिती. जर्मनीतल्या दुसऱ्या वर्षी मला ती दरी शोधायची होती. एक आरसा सरकत्या पाटावर होता. पाट हजाराव्या भागाच्या मिलिमीटरनं सरकवायचा, प्रत्येक जागी ठोके मोजायचे. सात महिने काही दिसलं नाही. मग एका गुरुवारी दरी दिसली. खोल, सुबक, पुस्तकात असते तशी. मी आलेख काढून गाइडना दाखवला. त्यांनी त्याच आठवड्यात परिषदेला गोषवारा पाठवून दिला. मी घरी फोन केला. वडिलांनी डेपोत पेढे वाटले.

तीन आठवड्यांनी रात्री एकटी बसून मी जुने आकडे चाळत होते. दोन्ही शोधकांवर एकदम पडलेले ठोके मी आलेखात दाखवले होते. प्रत्येक शोधकावर स्वतंत्र पडलेले ठोके दाखवलेच नव्हते. ते काढले, तर त्याच जागी तेही खाली गेलेले. म्हणजे फोटॉन एकत्र जात नव्हते, मुळात पोचतच नव्हते. पाट सरकताना किंचित डगमगत होता, त्यामुळे आरसा हलून प्रकाश तंतूच्या तोंडावरून सरकत होता. माझी दरी म्हणजे एक वाकडी टाचणी होती.

त्या रात्रीबद्दल मी आजवर फारसं बोलले नाही. तो दुसरा आलेख कुणी मागितला नव्हता. कदाचित मागितलाही नसता. घरी पेढे वाटून झाले होते. माझी नेमणूक वर्षावर्षानं वाढायची होती. मी फाइल बंद केली, दिवा घालवला आणि वसतिगृहात गेले. पहाटेपर्यंत जागी होते. मी प्रामाणिकपणाचा पुतळा नाही, सरांचा शेरा आठवून झटक्यात निर्णय घेतला असं काही झालं नाही. उलट माझ्या मनानं चार सबबी शोधल्या. पण सकाळी एवढं कळलं होतं की याच दरीवर मला पुढची तीन वर्षं काम करायचंय, आणि तिथं दरी नाहीये.

गाइडना दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, 'हे कधी लक्षात आलं?' मी म्हटलं, 'काल रात्री.' त्यांनी तिथंच बसून परिषदेला पत्र लिहिलं आणि गोषवारा मागं घेतला. रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. म्हणाले, 'पाट बदलू.' नवा पाट यायला, बसवायला, पुन्हा सगळं जुळवायला चार महिने गेले. खरी दरी आधीच्या जागेपासून २ मिलिमीटर पुढे सापडली. पहिल्या दरीइतकी सुबक नव्हती. पण ती दर वेळी तिथंच असायची. घरी फोन केला तेव्हा वडील म्हणाले, 'परत पेढे वाटायचे का?' मी म्हटलं, 'थोडं थांबा.'

तर मैत्रिणी, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

पहिलं, पैशाचं. विज्ञानातली पीएच.डी. स्वतःच्या खिशातून फी भरून करायची नसते. आपल्याकडे नेट, गेट, जेस्ट किंवा टीआयएफआरची प्रवेश परीक्षा यांतली कोणतीतरी द्यावी लागते, मग मुलाखत. सरकारी शिष्यवृत्ती २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढं ४२,००० आहे, घरभाडं वेगळं. कधीकधी ती महिनोन्महिने येत नाही, माझे विद्यार्थी तेव्हा एकमेकांकडून उसने घेतात, हेही माहीत असू दे. युरोपात बऱ्याच ठिकाणी पीएच.डी. ही नोकरीच असते, तीन-चार वर्षांची. एम.एस्सी. झालेली असावी लागते आणि जागा निघतील तसा त्या त्या प्राध्यापकाकडे अर्ज करायचा असतो. अमेरिकेत विभागाकडे अर्ज, बहुतेक डिसेंबरात, आणि पाच-सहा वर्षं धरून चालायचं. फी माफ करून मिळते का, हे विचारायला लाजू नये. माझ्या वडिलांचा पीएफ त्यानं वाचला असता. आणि प्रवेश मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठव.

दुसरं, आत्ता हा विषय निवडावा का? काळ बरा आहे. २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अ‍ॅस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना फोटॉनांच्या याच प्रयोगांसाठी मिळालं. आपल्या सरकारनं २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, ६,००३ कोटी रुपयांचं. त्याची चार केंद्रं बंगळुरूची आयआयएस्सी आणि मद्रास, मुंबई, दिल्लीच्या आयआयटी इथं आहेत. पुण्याच्या आयसरमध्येही या विषयाचं मोठं काम आहे. मी गेले तेव्हा यातलं फारसं काही नव्हतं. पण योजना येतात तशा जातात. मुलीला अंधाऱ्या खोलीत बसून आठ महिने काही न मिळण्याची सवय होईल का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ते तिला दोन महिने कुठल्यातरी प्रयोगशाळेत काम करूनच कळेल. अर्जाच्या आधी ते कर म्हणावं.

तिसरं, अर्ज. मी आता पलीकडच्या खुर्चीत बसते, दर वर्षी पन्नास-साठ अर्ज वाचते. त्यातल्या निम्म्यांत गच्चीवरचे तारे असतात. मार्कांनी अर्ज वाचला जातो, पुढचं काम शिफारसपत्र आणि निवेदन करतं. तिला ओळखणारे तीन लोक हवेत. तिच्या हातून काय बिघडलं आणि मग तिनं काय केलं, हे ज्यानं पाहिलंय असा माणूस मोठ्या हुद्द्याच्या अनोळखी माणसापेक्षा बरा. पत्र दोन महिने आधी मागायचं. निवेदन एक-दोन पानांचं, आणि त्यात किमान एक परिच्छेद असा हवा जो जगात दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. आणि मुलाखतीत तिनंही प्रश्न विचारायचे. या गटातले आधीचे विद्यार्थी आज कुठं आहेत? किती वर्षांत संपलं? मध्येच किती जण सोडून गेले? जे गाइड या प्रश्नावर चिडतात, तिथं जायचं नाही.

चौथं, हातात काय येतं? प्राध्यापकी मिळेलच असं मी लिहून देणार नाही. आमच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. दोघं शिक्षणक्षेत्रात राहिलो. एक लेझर बनवणाऱ्या कंपनीत, एक सॉफ्टवेअरमध्ये, आणि एक जण शाळेत शिकवतो, तो सगळ्यांत सुखी आहे. पीएच.डी.नंतर मी दोन देशांत दोन-दोन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुकांवर राहिले. नवरा तिसऱ्या देशात होता. तुम्ही फ्लॅट बुक करत होतात तेव्हा मी चौथ्यांदा सामानाची खोकी बांधत होते. भारतात नोकरीसाठी अकरा अर्ज केले, बाराव्याला पुण्यात जागा मिळाली, तेव्हा मी चौतिशीत होते. भावाच्या लग्नाला येता आलं नाही, व्हिसा नूतनीकरणाला गेला होता. आई अजून ते बोलून दाखवते आणि तिचं बरोबर आहे. हे सगळं मुलीला आधी सांग. ऐकूनही तिला जायचं असेल तर अडवू नकोस. मी आज पुन्हा एकविसाची झाले तर पुन्हा जाईन, फक्त तो नमुना उतरवणार नाही.

शेवटचं, आणि मग बसते.

आपल्या तुकडीनं शाळेसाठी निधी गोळा केलाय. त्याचं काय करायचं यावर आपल्या ग्रुपवर दोन महिने भांडणं चालली आहेत, काल रात्री बारापर्यंत चालू होती. काल मी शाळेत आधी येऊन ती कोपऱ्यातली खोली पाहून आले. कुलूप होतं. शिपाईमामांनी उघडून दिली. कपाटात काचेच्या चिपा आहेत, आपल्याच वेळच्या, धूळ खात. मुलं आता प्रयोग फळ्यावर पाहतात आणि आकडे वहीत उतरवून घेतात. सगळ्यांचे कोन जुळलेले. शिक्षकांना दोष देत नाही. एका वर्गात सत्तर मुलं आणि वर इतर कामं, हे मला ठाऊक आहे.

माझी विनंती एवढीच, की निधीतला काही भाग त्या खोलीसाठी ठेवा. फार लागत नाही. साधा लेझर, भिंत आणि डोक्यावरचा एक केस एवढ्यावर केसाची जाडी मोजता येते. ध्रुवक पट्ट्यांचे तीन तुकडे घेतले, त्यातले दोन एकमेकांना आडवे धरले तर उजेड पूर्ण बंद होतो. मधे तिसरा तिरपा सरकवला की उजेड परत येतो. अडथळा वाढवल्यावर उजेड का वाढला, हा प्रश्न आठवीतल्या मुलाला पडला, तर त्यानं क्वांटमच्या उंबऱ्यावर पाय ठेवला. मी प्रत्येक सत्रात दोन शनिवार येईन. खांबाला टेकलेल्या गृहस्थांनी पाट, स्टँड आणि स्क्रू आपल्या गॅरेजमधून करून द्यायचं काल कबूल केलंय. त्यांना १० पैकी १० होते, हे विसरू नका.

आणि सर, एक मागणं तुमच्याकडे. पहिल्या शनिवारी तुम्ही यायचं. खुर्ची टाकून नुसतं बसायचं. मुलांच्या वह्या मी तपासेन, पण लाल पेन तुमच्या हातात असू दे.